आंबटपणा मोजायचा कसा?

या रे पोरांनो, बसा जवळ. आजच्या गोष्टीत एक राक्षस आहे, पोटाला भोक पडलेला एक माणूस आहे, खाऱ्या पाण्याचं एक सरोवर आहे आणि शेवटी आपलं शेतही आहे. पण या सगळ्यांचा नायक एकच. तो इतका लहान आहे, की कुठल्याही भिंगातून तुम्हाला दिसायचा नाही. तरीही चिंच आंबट का लागते, हळदीचा डाग साबण लागताच लाल का होतो, पोटात गेलेली भाकरी पचते कशी आणि एखाद्या रानात खत घालूनही पीक का येत नाही, या सगळ्या प्रश्नांची उत्तरं त्याच्यापाशी आहेत.

गोष्ट ऐकता ऐकता हातही चालू द्या. चमचाभर हळदीत थोडं पाणी घालून ती सरसरीत कालवा. टिपकागदाच्या बोटभर रुंद पट्ट्या कापा, त्यांना दोन्ही अंगांनी ही हळद लावा आणि सावलीत वाळवा. आता एका पट्टीवर साबणाच्या पाण्याचा थेंब टाका. बघता बघता पिवळ्यावर तांबडा डाग उमटतो. पानाच्या डब्यातला चुना पाण्यात कालवून त्याच्या वरच्या निवळीचा थेंब टाकलात, तर डाग आणखी गडद होतो. मात्र चुना मोठ्या माणसाला हाताळू द्या, डोळ्यात गेला तर फार वाईट. आता त्याच लाल डागावर लिंबू पिळा. डाग पुन्हा पिवळा! परत चुना लावा, परत लाल.

ही जादू कसली? हळदीला पिवळा रंग देणाऱ्या द्रव्याला करक्यूमिन म्हणतात. त्याच्या रेणूत हायड्रोजनचे काही अणू जरा सैल बसलेले असतात. चुना किंवा साबण आला, की तो त्यातला हायड्रोजन काढून घेतो, पण त्याचा इलेक्ट्रॉन मागेच राहतो. जो निघून जातो तो नुसता धन विद्युतभार असलेला कण, हायड्रोजनचा आयन. हाच आपला नायक. तो गेला, की करक्यूमिनचा रेणू प्रकाशाचे वेगळे रंग शोषू लागतो आणि आपल्याला लाल दिसतो. लिंबू हा कण परत देतो, की रंगही परत येतो. हळदीला चुना लावून कुंकवाचा लाल रंग आणण्याची आपली जुनी रीत या देण्याघेण्यावरच चालते. म्हणून सोपं करून लक्षात ठेवा: हा कण देणारा तो आम्ल आणि घेणारा तो आम्लारी. ब्रॉन्स्टेड आणि लाउरी या दोन शास्त्रज्ञांनी, एकमेकांना न विचारता, १९२३ साली आम्लाची व्याख्या नेमकी अशीच केली.

हळदीत एक उणीव आहे. नुसत्या पिवळ्या पट्टीवर लिंबू पिळलं, तर काहीच घडत नाही. आम्ल ओळखायला अंगणातल्या जास्वंदीकडे जावं लागतं. तिच्या लाल पाकळ्या गरम पाण्यात बुडवून ठेवा आणि ते पाणी दोन वाट्यांत घ्या. एकीत लिंबू पिळलं, की रंग झगझगीत गुलाबी होतो. दुसरीत धुण्याचा सोडा टाकला, की हिरवट. गोकर्णाची निळी फुलंही असाच रंग पालटतात. शाळेत तुम्ही जो लिटमस वापरता, तो तर आपल्या गोड्या मसाल्यातल्या दगडफुलाच्या गोत्यातल्या जीवांपासून काढतात. रॉबर्ट बॉईल नावाच्या शास्त्रज्ञाने १६६४ साली रंगांवर एक पुस्तक लिहिलं. त्यात त्याने व्हायोलेट नावाच्या फुलांच्या निळ्या सरबताचा प्रयोग सांगितला आहे. आम्ल टाकलं की सरबत लाल, आम्लारी टाकली की हिरवं. तोवर वस्तू आंबट आहे का हे जिभेने ठरायचं. बॉईलने ते काम फुलाकडे दिलं. त्यामुळे जी वस्तू चाखली तर जीव जाईल, तिचीही जात कळू लागली. तुम्हीही अनोळखी पदार्थ कधी चाखू नका आणि संडास धुण्याच्या ॲसिडला तर हातही लावू नका.

पण रंग बदलला म्हणजे आंबटपणा कशात आहे हे कळलं, असं नाही. स्वीडनमध्ये शेले नावाचा एक औषधविक्या होता. दुकानाच्या कामात वेळ काढून तो प्रयोग करायचा. नासलेल्या दुधातून त्याने १७८० साली लॅक्टिक आम्ल काढलं, १७८४ साली लिंबातून सायट्रिक आम्ल आणि पुढच्याच वर्षी सफरचंदातून मॅलिक आम्ल. आपल्या चिंचेत जे टार्टारिक आम्ल असतं, तेही वेगळं काढून दाखवणारा हाच. आंबट पदार्थ इतके, मग या सगळ्यांत समान काय? फ्रान्समधला थोर शास्त्रज्ञ लाव्हॉझिए म्हणाला, ऑक्सिजन. पुष्कळांना ते पटलं. पण इंग्लंडच्या हम्फ्री डेव्हीने १८१० साली दाखवून दिलं, की मिठापासून मिळणाऱ्या हायड्रोक्लोरिक आम्लात ऑक्सिजनचा मागमूस नाही. त्यात आहे फक्त क्लोरीन आणि हायड्रोजन. तेव्हापासून सगळ्यांची नजर हायड्रोजनवर गेली. पुढे १८८४ साली अऱ्हेनियस या स्वीडिश तरुणाने प्रबंध लिहून मांडलं, की पाण्यात विरघळलेले असे पदार्थ फुटतात आणि त्यांचे विद्युतभार असलेले कण मोकळे फिरतात. त्याच्या परीक्षकांना ते फारसं रुचलं नाही, त्यांनी जेमतेम दर्जा देऊन त्याची बोळवण केली. त्याच कामासाठी त्याला १९०३ साली नोबेल पारितोषिक मिळालं.

आता गंमत बघा. हे मोकळे कण साध्या, शुद्ध पाण्यातही असतात. पाण्याच्या सुमारे ५५ कोटी रेणूंमागे एखादाच रेणू फुटलेला असतो. त्यातून एक हायड्रोजन आयन निघतो आणि एक हायड्रॉक्साइड आयन. पहिला आम्लाचा, दुसरा आम्लारीचा. दोघे सारखेच, म्हणून पाणी ना आंबट, ना खारट. लिंबात पहिल्याची गर्दी होते, चुन्याच्या निवळीत दुसऱ्याची. पण गर्दी म्हणजे किती? ती सांगायची कशी?

हा प्रश्न पडला डेन्मार्कच्या सोरेन्सन यांना. कोपनहेगनमधल्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत ते रसायन विभागाचे प्रमुख होते. बिअर चांगली कशी करावी याचा अभ्यास करायला उभारलेली ती प्रयोगशाळा. धान्य आंबवताना जी विकरं काम करतात, ती आम्लाच्या प्रमाणात जरा फरक पडला तरी सुस्तावतात, हे सोरेन्सन यांच्या लक्षात आलं. मोजमाप अचूक हवं होतं आणि आकडे तर असे, की दशांशचिन्हामागे शून्यंच शून्यं. १९०९ साली त्यांनी त्यावर तोड काढली: ती शून्यं मोजा आणि तेवढाच आकडा लिहा! त्यालाच जग पीएच म्हणतं आणि आपल्या पुस्तकांत त्याला सामू म्हणतात.

कसं ते तुम्हीच करून बघा. शुद्ध पाण्यातले हायड्रोजन आयन गोळा करून एक ग्रॅम भरवायचे, तर किती पाणी लागेल? एक कोटी लिटर. एक कोटीवर शून्यं किती? सात. म्हणून शुद्ध पाण्याचा सामू ७. लिंबाच्या रसात ते इतके दाटलेले असतात, की एक ग्रॅमसाठी साधारण १०० लिटर रस पुरेल. शून्यं दोन, सामू २ च्या आसपास. दह्यासाठी दहा हजार लिटरांच्या पुढे जावं लागेल, कारण दह्याचा सामू ४ ते ४.५. चुन्याच्या निवळीचा सामू १२ च्याही वर, म्हणजे एक ग्रॅम जमवायला लाख कोटी लिटरांहून जास्त निवळी लागेल. आकडा जितका लहान, तितकं आम्ल जास्त. आणि आकडा एकाने बदलला, की प्रमाण दहापट बदलतं. दोनने बदलला तर शंभरपट. पाणी सातवर, लिंबू दोनवर. मधे पाच घरं, म्हणून लिंबात हे कण पाण्याच्या लाखपट. आजच्या गोष्टीतलं बाकी सगळं विसरलात तरी चालेल, पण एका घरात दहापट हे विसरू नका. पुढचं सगळं त्यावरच उभं आहे.

आता जरा रानात जाऊ. पौष महिना, पहाटेची थंडी, हरभरा घाट्यावर आलेला. वाकून पाहिलंत तर हरभऱ्याच्या पानांवर, देठांवर बारीक लव दिसेल आणि प्रत्येक केसाच्या टोकाला एक चमकता थेंब. ते दव नसतं, झाडाने स्वतः पाझरलेलं आम्ल असतं. त्यात मॅलिक आणि ऑक्झॅलिक आम्ल असतं. म्हणून तर हरभऱ्याची कोवळी भाजी खुडताना बोटं चरचरतात आणि त्या रानातून चाललं, की पायांना आग होते. गावाकडच्या बायका संध्याकाळी हरभऱ्यावर स्वच्छ पातळ धडपं पसरून ठेवायच्या. रात्रभर दवात ते आम्ल कापडात उतरायचं. उजाडायच्या आत धडपं पिळून घ्यायचं आणि बाटलीत भरायचं. ही हरभऱ्याची आंब. अपचनावर थेंबभर पाण्यातून द्यायची रीत होती. झाड मात्र ही आंब माणसासाठी करत नाही. घाटेअळीने ऑक्झॅलिक आम्ल जास्त असलेली पानं खाल्ली, तर तिची वाढ खुंटते, असं संशोधकांना प्रयोगांत आढळलं आहे. हरभऱ्याला पळता येत नाही, पण स्वतःचं रक्षण करता येतं!

झाडाच्या अंगावर आम्ल, तसं आपल्या पोटातही आहे. ६ जून १८२२ रोजी अमेरिकेतल्या मॅकिनॅक बेटावर ॲलेक्सिस सेंट मार्टिन नावाच्या तरुणाला अगदी जवळून बंदुकीचे छर्रे लागले. लष्करी डॉक्टर विल्यम बोमॉन्ट यांनी त्याला वाचवलं, पण जठरापर्यंत पोचलेलं भोक काही पूर्ण बुजलं नाही. पुढे बोमॉन्ट रेशमी दोऱ्याला मांसाचे, कोबीचे, पावाचे तुकडे बांधून त्या भोकातून आत सोडत आणि काही वेळाने ओढून बघत. त्यांनी जठरातला रस बाटलीतही काढला, शरीराइतका गरम ठेवला आणि त्यात मांसाचा तुकडा टाकला. तो बाटलीतही विरघळला! तोवर कोणी म्हणत होतं, पोटात अन्न नुसतं दळलं जातं. कोणी म्हणत होतं, ते कुजतं. बोमॉन्ट यांनी दाखवलं, की पचन ही रासायनिक क्रिया आहे. १८३३ साली त्यांनी पुस्तक छापलं. त्या रसात हायड्रोक्लोरिक आम्ल असतं आणि त्याचा सामू साधारण १.५ ते ३.५ असतो. म्हणजे तो लिंबाच्या तोडीचा, कधी त्याहूनही तीव्र. मग पोट स्वतःच का पचून जात नाही? कारण जठराच्या आतल्या बाजूला चिकट श्लेष्माचा थर असतो, त्यात आम्लारीधर्मी बायकार्बोनेट मिसळलेलं असतं आणि तो थर सतत नवा होत राहतो.

आता राक्षसाची पाळी. बुलढाणा जिल्ह्यात लोणार आहे. तिथली कथा सांगते, की लवणासुर नावाचा राक्षस माजला आणि विष्णूने दैत्यसूदन होऊन त्याला मारलं. गावात दैत्यसूदनाचं कोरीव कामाने भरलेलं देऊळ आजही आहे. शास्त्र सांगतं, की फार पूर्वी आकाशातून एक अशनी काळ्या बेसॉल्ट खडकावर आदळला आणि सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं विवर झालं. त्याच्या तळाशी जे सरोवर आहे, त्याच्या पाण्याचा सामू १० च्या आसपास असतो. शुद्ध पाण्यापासून तीन घरं वर, म्हणजे आपल्या नायकाचं प्रमाण हजारपटीने कमी!

पण पावसाचं पाणी तर आंबट असतं. हवेतला कार्बन डायऑक्साइड विरघळल्याने स्वच्छ पावसाचाही सामू ५.६ च्या जवळ असतो. मग सरोवर इतकं खारट कसं? हेच तर आश्चर्य आहे. हे किंचित आंबट पाणी खडकावरून झिरपताना खडक झिजवतं आणि त्यातलं सोडियम, कॅल्शियम, बायकार्बोनेट सोबत घेऊन विवरात उतरतं. विवरात पाणी येण्याच्या वाटा आहेत, जाण्याची एकही नाही. ऊन पाणी उडवून नेतं आणि क्षार मागे राहतात. कॅल्शियम चुनखडी होऊन तळाशी बसतं आणि पाण्यात सोडियम कार्बोनेट साठत जातं. तो आपला धुण्याचा सोडाच! अकबराच्या काळच्या ‘ऐन-ए-अकबरी’तही या पाण्यापासून साबण आणि काच करायला लागणारा माल मिळतो, अशी नोंद आहे. त्या पाण्यात साधा मासा तगत नाही, पण निळी-हिरवी सूक्ष्म शेवाळं मात्र आनंदाने वाढतात. जून २०२० मध्ये अख्खं सरोवर गुलाबी झालं, तेव्हा लोक चकित झाले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने पाणी तपासलं, तेव्हा कळलं, की पाणी आटून क्षार वाढले आणि त्या क्षारांत रमणाऱ्या, गुलाबी रंगद्रव्य करणाऱ्या सूक्ष्मजीवांची संख्या बेसुमार झाली होती. त्याच वर्षी लोणारला रामसर यादीत आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून स्थान मिळालं.

लोणारचा जीव दहावर राहतो, आपला मात्र अगदी अरुंद पट्ट्यात. माणसाच्या रक्ताचा सामू ७.३५ ते ७.४५ असतो. तुम्ही लिंबू खा नाहीतर चुन्याचं पान खा, तो तिथून हलत नाही. रक्तातलं बायकार्बोनेट धरणासारखं काम करतं: आम्ल जास्त झालं की साठवून घेतं, कमी पडलं की सोडतं. खेळून आल्यावर तुम्हाला धाप लागते ना? पायांच्या स्नायूंनी कार्बन डायऑक्साइड आणि आम्ल रक्तात सोडलेलं असतं. ते बाहेर टाकायला फुप्फुसं भराभर चालतात. उरलेलं काम मूत्रपिंडं सावकाश करतात. सामू ६.८ च्या खाली किंवा ७.८ च्या वर गेला, तर माणूस सहसा जगत नाही. इतकं नाजूक काम आपलं शरीर रात्रंदिवस, आपल्याला न सांगता करत असतं.

आणि आता एक काळजीची गोष्ट. समुद्राच्या वरच्या थराचा सामू कारखान्यांचं युग सुरू होण्याआधी सुमारे ८.२ होता, आता सुमारे ८.१ आहे. तुम्ही म्हणाल, एवढ्याशा फरकाचं काय? दहापटीचा हिशेब आठवा. त्या ०.१ चा अर्थ असा, की समुद्रात हायड्रोजन आयन पाव हिश्श्याहून जास्त वाढले. आपण कोळसा, डिझेल, पेट्रोल जाळतो, त्या धुरातला बराचसा कार्बन डायऑक्साइड समुद्र पितो. समुद्र अजून आम्लारीधर्मीच आहे, पण तो हळूहळू आम्लाच्या दिशेला सरकतो आहे. प्रवाळ, शंख, कालवं ही सगळी कॅल्शियम कार्बोनेटची घरं बांधतात. आम्लाचे कण वाढले, की त्या बांधकामाला लागणारं कार्बोनेट कमी पडतं.

शेवटी आपल्या मातीकडे या. कोकणात पाऊस इतका, की जांभ्या जमिनीतलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम धुऊन जातं आणि माती आम्लधर्मी होते. देशावरच्या काळ्या मातीत चुनखडी असते, म्हणून तिचा सामू बहुधा साडेसातच्या पुढे. बहुतेक पिकांना साडेसहा ते साडेसात मानवतो. सामू फार वाढला, की जमिनीत लोह असूनही मुळांना ते घेता येत नाही. मग कोवळी पानं पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. शेतकऱ्याला वाटतं खत कमी पडलं, म्हणून तो आणखी पोती ओततो. रोग एक आणि औषध भलतंच! बेसुमार पाणी आणि निचरा नाही, अशा ऊसपट्ट्यात तर सोडियम साठून जमीन चोपण होते: पावसात चिकट, उन्हात दगडासारखी. तिला जिप्सम लागतं, कारण त्यातलं कॅल्शियम सोडियमला हुसकावतं. मात्र सोबत निचऱ्याची सोय हवीच. कोकणातल्या आम्ल जमिनीला चुना लागतो. एकीचं औषध दुसरीला दिलं, तर नुकसानच.

म्हणून पोरांनो, घरी गेल्यावर आईवडिलांना एवढं नक्की सांगा. पेरणीआधी शेतात ठिकठिकाणी वीतभर खोलीची माती घ्या, ती मिसळा, त्यातली अर्धा किलो माती सावलीत वाळवून पिशवीत भरा आणि माती परीक्षण प्रयोगशाळेत द्या. जो अहवाल येईल, त्यात पहिल्यांदा सामूचा आकडा बघा आणि मगच खताच्या दुकानाची पायरी चढा.